‘खात्रीची माणसं’ हे दोन शब्द आणि वकिलाची नोटीस

पोस्टमनकाका सही घेऊन गेले आणि मी पाकीट फ्रिजवर ठेवून पुन्हा पोळ्यांकडे वळले. बँकेचं काहीतरी असेल असं वाटलं. सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३. दुपारी जेवणं उरकल्यावर फोडलं तर आत वकिलाची नोटीस. चार पानं. ‘आमच्या अशिलांनी दिलेल्या माहितीवरून आपणांस कळविण्यात येते की…’ अशी सुरुवात, आणि शेवटी मागणी: पंधरा दिवसांत २,८५,००० रुपये द्या, नाहीतर ग्राहक आयोगात दाद मागू आणि त्याचा खर्चही तुमच्याकडून वसूल करू.

त्या दुपारपासून पुढे सव्वा वर्ष जे काय काय केलं ते लिहून ठेवतेय. माझ्यासारखी छोटी वेबसाइट चालवणारे बरेच जण आहेत आणि त्या रात्री गूगलवर मराठीत शोधलं तेव्हा मला ह्यावर कामाचं काहीच सापडलं नव्हतं. मी वकील नाही. मला जसं समजावलं गेलं तसं सांगतेय.

आधी आमचं काम काय ते. २०२०च्या लॉकडाऊननंतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एकच प्रश्न असायचा: ‘कुणाकडे चांगला प्लंबर आहे का?’ मी एक्सेलमध्ये यादी करायला घेतली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, डबेवाल्या मावशी, आजारी माणसाजवळ बसणाऱ्या ताई. यादी दीडशेच्या घरात गेली तेव्हा माझा मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, ह्याची वेबसाइट करू.’ सप्टेंबर २०२१मध्ये केली. गिऱ्हाईक फॉर्म भरतं, आम्ही त्याला त्याच्या भागातल्या एका माणसाचं नाव-नंबर देतो. कामाचे पैसे गिऱ्हाईक थेट त्या माणसाला देतं. तो माणूस आम्हाला महिन्याचे ३०० रुपये आणि जुळलेल्या प्रत्येक कामामागे १०० रुपये देतो. गिऱ्हाइकाकडून आम्ही एक रुपया घेत नाही. आपल्याकडे ह्याला शब्द टाकणं म्हणतात. मी तुमच्यासाठी शब्द टाकते, पुढचं तुम्ही दोघं बघा.

नोटिशीने मात्र मला जामीनदार केलं होतं. आम्ही पाठवलेल्या प्लंबरने एका घरी गिझरचा पाइप बदलला. बिल ८५० रुपये. ते कुटुंब शनिवार-रविवार गावाला गेलं आणि जॉइंट सुटला. परत आले तर घरभर पाणी, कपाटांचे तळ फुगलेले, आणि खालच्या मजल्यावरच्यांचं पीओपीचं छत ओघळून खाली आलेलं. फोटो जोडले होते. ते पाहून मला त्यांचा राग येईना, एवढं प्रामाणिकपणे सांगते.

खरी मेख सहाव्या परिच्छेदात होती. ‘आपल्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर “तपासलेली, खात्रीची माणसं” असे ठळक नमूद असून, त्यावर विसंबूनच आमच्या अशिलांनी…’ सोबत स्क्रीनशॉट. भगव्या रंगाची ती मोठी अक्षरं मीच हौसेने निवडली होती.

त्या रात्री आम्ही दोघांनी आपल्याच वेबसाइटच्या अटी-शर्ती पहिल्यांदा वाचल्या. हो, पहिल्यांदा. २०२१मध्ये भावाने एका अमेरिकी वेबसाइटवरून त्या उचलल्या होत्या आणि ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून आमचं नाव घातलं होतं. चौदाव्या कलमात लिहिलं होतं की कोणताही वाद झाल्यास कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या न्यायालयात चालेल. नाशिकच्या गंगापूर रोडवरचा गिझर आणि सांता क्लारा काउंटी! शिवाय एका जागी मूळ कंपनीचं नाव बदलायचंच राहिलं होतं. भाऊ हसायला लागला, मला रडू फुटलं. ह्या अटी फूटरमध्ये बारीक अक्षरांत होत्या आणि फॉर्म भरताना त्या कुणी वाचल्या वा मान्य केल्या ह्याची नोंद कुठेच नव्हती.

भावाचं पहिलं म्हणणं, ‘आत्ताच्या आत्ता ते पान उडवतो.’ सुदैवाने माझे सासरे जागे होते. ते महसूल खात्यातून निवृत्त झालेत. म्हणाले, ‘नोटीस आल्यावर कागद गायब झाला की दोन प्रकरणं होतात. पहिलं त्यांचं, दुसरं गायब केल्याचं.’ पान तसंच ठेवलं. पुढे वकिलांनीही हेच सांगितलं: पान नंतर सुधारा, पण जे होतं त्याची तारखेसह प्रत आधी जपून ठेवा. आम्ही पूर्ण साइटचा बॅकअप घेतला, त्या गिऱ्हाइकाचा फॉर्म, आम्ही पाठवलेला मेसेज, प्लंबरशी झालेलं चॅट, त्याने भरलेल्या ३०० रुपयांच्या नोंदी, सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं. असा डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असायचं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. त्यासाठी कोणत्या कॉम्प्युटरवरून, कोणी, कधी प्रत काढली हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलेलं बरं.

वकील शोधण्यात चार दिवस गेले. पहिल्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, दहा हजारांत सगळं करून देतो. दोन तासांत व्हॉट्सॲपवर बावीस पानांच्या अटी आल्या. त्यात ‘विकलेला माल’ आणि ‘परतावा’ अशी कलमं होती. आम्ही माल विकतच नाही. नको म्हटलं. मग मैत्रिणीच्या ओळखीने एक वकीलबाई मिळाल्या, ग्राहक आयोगातली कामं करणाऱ्या. पहिल्या तासाचे १,५०० रुपये. नोटिशीच्या उत्तराचे ५,०००. नवी कागदपत्रं, म्हणजे वापराच्या अटी, गोपनीयता धोरण आणि सेवा देणाऱ्यांशी करायचा करार, मिळून २८,०००, दोन हप्त्यांत. मला तेव्हा ही रक्कम फार वाटली होती.

बाईंनी नोटीस वाचली, आमच्या अटी वाचल्या (सांता क्लाराला त्याही हसल्या), आणि मग एका कोऱ्या कागदावर प्रश्न लिहिले. भाव कोण ठरवतं? पैसे कोणाच्या खात्यात जातात? माणूस कोण निवडतं? काम बिघडलं तर तुम्ही पहिल्यांदा काय बोलता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ठीक होती. तिसऱ्याला मी म्हटलं, ‘मीच निवडते. फॉर्म आला की कोण मोकळा आहे, कोण जवळ आहे ते बघून एक नाव देते.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. चौथ्याला मी म्हटलं, ‘मी सांगते, काळजी करू नका, मी बघते.’

‘मॅडम, हे प्रेमाचं वाक्य आहे, पण कायद्यात ते आश्वासन आहे,’ त्या म्हणाल्या.

मग मला माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम ७९ समजावलं. हे कलम मध्यस्थांना संरक्षण देतं. तिसऱ्या माणसाने तुमच्या वेबसाइटवर टाकलेल्या माहितीबद्दल तुम्हाला धरलं जात नाही, पण त्याला अटी आहेत. ती माहिती कोणाकडे जाणार हे तुम्ही निवडायचं नाही, मजकूर तुम्ही बदलायचा नाही, आणि कायद्याने सांगितलेली दक्षता घ्यायची. मी तर हाताने निवडून एकच नाव देत होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे संरक्षण दुसऱ्याच्या शब्दांपुरतं आहे. पहिल्या पानावरचं ‘खात्रीची माणसं’ हे प्लंबरने लिहिलेलं नव्हतं, मी लिहिलेलं होतं. स्वतःच्या तोंडच्या शब्दांना कलम ७९ची छत्री नाही. हे कळलं तेव्हा पोटात खड्डा पडला, पण पहिल्यांदाच प्रकरण समजलं असंही वाटलं.

उत्तर २१ ऑक्टोबरला रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह गेलं. त्यात दोन मुद्दे होते. काम आणि पैसे ह्यांचा व्यवहार तुमचा आणि प्लंबरचा आहे, आणि तुम्ही आम्हाला कसलाही मोबदला दिलेला नाही, तेव्हा तुम्ही आमचे ग्राहक नाही. मला हा दुसरा मुद्दा हुकमी एक्का वाटला. बाईंनी लगेच हवा काढली: ‘उत्तरात लिहायला ठीक आहे, ह्यावर झोपू नका.’ ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२०चे ई-कॉमर्स नियम प्लॅटफॉर्मवाल्यांनाही कर्तव्यं घालून देतात, आणि माझा मोबदला प्लंबरकडून येत होता हे आयोगाला दिसलंच असतं. वर, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी लागत नाही आणि तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. म्हणजे त्यांना दावा लावायला काहीच अडचण नव्हती.

नोव्हेंबरात बाईंच्या ऑफिसात तिघंही बसलो. ते गृहस्थ, प्लंबर आणि मी. प्लंबर आधी यायला तयार नव्हता. मी फोन केला तर म्हणाला, ‘ताई, तुम्ही माझ्याबाजूने का त्यांच्या?’ ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही नीट देता आलं नाही. आला मात्र. अडीच तासांनी १,१०,०००वर मिटलं. प्लंबरने ९५,००० सहा हप्त्यांत द्यायचे कबूल केले, आम्ही १५,००० दिले. बाईंनी समझोत्यात आवर्जून एक ओळ घातली: कोणतीही कायदेशीर जबाबदारी मान्य न करता, केवळ सामोपचार म्हणून. पूर्ण आणि अंतिम, पुढे कसलाही दावा नाही, असंही. शंभराच्या स्टँप पेपरवर झालं. ऑक्टोबर २०२४पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा घ्यावा लागतो, तेव्हा जुनी माहिती वाचून शंभराचा आणायला जाऊ नका.

हे मिटलं की सगळं मिटलं असं घरच्यांना वाटत होतं. मला पुढच्या नोटिशीची स्वप्नं पडत होती.

डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ कागद घडत होते. माझी समजूत होती की अटींत ‘आम्ही कशालाच जबाबदार नाही’ असं दणदणीत लिहिलं की काम झालं. बाईंनी मला २०१९च्या कायद्यातलं ‘अनुचित करारा’चं कलम दाखवलं. ग्राहकाचे हक्क एकतर्फी मारणाऱ्या अटी राज्य आणि राष्ट्रीय आयोग रद्द ठरवू शकतात. म्हणून आमच्या अटी मवाळ झाल्या, पण टिकतील अशा झाल्या. आम्ही काय करतो, काय करत नाही, आमच्या चुकीने नुकसान झालं तर आमची जबाबदारी किती रकमेपर्यंत, आणि कामाच्या दर्जाची जबाबदारी कोणाची. भावाला लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या तिसऱ्या माणसाने सोडवायचा) हवंच होतं, मोठ्या कंपन्यांचं असतं म्हणून. पण लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच सांगितलंय आणि एकमेव लवाद आपणच नेमायचा हेही २०१९पासून चालत नाही. ते कलम काढलं. त्याजागी, आधी तीस दिवस एकमेकांशी बोलू, नाही जमलं तर ज्याला जिथे हक्क आहे तिथे. ‘फक्त नाशिक न्यायालयाचं अधिकारक्षेत्र’ हे कलम सेवा देणाऱ्यांच्या करारात ठेवलं, गिऱ्हाइकांच्या अटींत त्यावर भिस्त ठेवू नका असं बाईंनी बजावलं.

पहिल्या पानाचं काय? त्या एका ओळीवर आम्ही जितका वेळ घालवला तितका बावीस कलमांवर घातला नसेल. ‘विश्वासू’ सुचवलं, बाई नाही म्हणाल्या. ‘निवडक’, नाही. ‘पडताळलेली’? ‘काय पडताळलं?’ मी म्हटलं, आधार कार्ड बघतो आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतो. ‘मग तेवढंच लिहा.’ आता तिथे असं आहे: ‘आम्ही आधार कार्ड पाहतो आणि जुन्या दोन गिऱ्हाइकांशी बोलतो. कामाचा दर्जा आम्ही तपासलेला नाही.’ ह्या ओळीने जाहिरात होत नाही हे मला मान्य आहे. माझ्या बहिणीने ती वाचून विचारलं, ‘दुकान बंद करतेस का?’

एकच नाव देणंही थांबवलं. फॉर्म भरला की त्या भागातली तीन नावं आपोआप दिसतात, निवड गिऱ्हाइकाची.

आधारवरून आठवलं. बाईंनी सहज विचारलं, ‘आधारच्या प्रती कुठे ठेवता?’ गूगल ड्राइव्हवर, १६० जणांच्या, पुढून-मागून, आणि फोल्डर लिंक असेल त्या कोणालाही उघडणारं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ११ ऑगस्ट २०२३ला डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती, नियम यायचे होते, पण २०११चे माहिती सुरक्षेचे नियम होतेच. त्याच संध्याकाळी आम्ही फोल्डर बंद केलं. नंतर सगळ्यांना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार पाठवायला सांगितलं, पाहिलं की ‘पाहिलं, अमुक तारीख’ एवढी नोंद करून प्रत पुसतो. गोपनीयता धोरण त्यामुळे आपोआप छोटं झालं. ठेवतच नाही, तर लिहिणार काय!

आणखी एक धक्का. आमच्याकडे ‘वकील’ आणि ‘डॉक्टर’ असेही विभाग होते. अकरा वकिलांची नावं होती. बाई म्हणाल्या, ‘माझं नाव टाकलंत तर माझी सनद अडचणीत.’ बार कौन्सिलच्या नियम ३६प्रमाणे वकिलाला कामासाठी जाहिरात वा गळ घालता येत नाही. आणि डॉक्टरांकडून पेशंट पाठवल्याचे १०० रुपये घेणं म्हणजे सरळ कमिशन, वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत त्याला मनाई आहे. दोन्ही विभाग फेब्रुवारीतच काढले. थोडं जिवावर आलं, कारण वकील मंडळी महिन्याचे ३०० रुपये वेळेवर द्यायची. मग ३ जुलै २०२४ला मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात वकिलांच्या सेवा अशा ऑनलाइन मांडणाऱ्या पोर्टल्सना कलम ७९चं संरक्षण मिळत नाही असं म्हटलं. मी बाईंना बातमी पाठवली. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

अटी कोणत्या भाषेत, ह्यावरून आमचं बाईंशी थोडं वाजलं. त्यांना इंग्रजी हवं होतं, कोर्टात सोपं जातं म्हणून. मी म्हटलं, आमचा सुतार इंग्रजी वाचत नाही. शेवटी दोन्ही भाषांत केलं आणि मराठी मजकूर ग्राह्य असं लिहिलं.

मार्चमधल्या एका रविवारी सेवा देणाऱ्यांना घरी बोलावलं. चाळीसेक आले, पार्किंगमध्ये सतरंज्या टाकल्या. चहा, पोहे. मी करार मोठ्याने वाचला. ‘नुकसानभरपाई’च्या कलमाशी आले तेव्हा मागून एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘ताई, म्हणजे गिऱ्हाइकाचं काही झालं तर आम्ही भरायचं. आणि मी शिडीवरून पडलो तर?’ शांतता. मी कागदात पाहिलं. तिथे त्याच्यासाठी काहीच नव्हतं. दुसरा म्हणाला, ‘आणि चूक गिऱ्हाइकाची असली तर? जुना पाइप सडका असला तर?’

बाईंकडे परत गेले. कलम बदललं: भरपाई फक्त स्वतःच्या निष्काळजीपणापुरती, आणि काम सुरू करण्याआधी जुन्या सामानाचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायचा, म्हणजे सडका पाइप आधीपासून सडका होता हे दिसेल. हा फोटोचा मुद्दा बाईंचा नाही, माझाही नाही. त्या बैठकीतल्या एका प्लंबरचा आहे. शिडीचं उत्तर करारात मिळालं नाही. आम्ही सगळ्यांना वर्षाला २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा काढायला लावला, त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, पण हात मोडून महिनाभर घरी बसला तर त्यातून काही मिळत नाही. हे अजून अर्धवटच आहे.

तांत्रिक बाजू भावाने सांभाळली. फॉर्मच्या शेवटी चौकोन, आधीच टिक केलेला नाही. टिक केल्याशिवाय नंबर दिसत नाही. टिक केल्याची तारीख, वेळ, मोबाइल नंबर आणि अटींची कितवी आवृत्ती होती हे साठवलं जातं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार नुसता त्या कारणाने बाद होत नाही, हे आयटी कायद्याच्या कलम १०अ मध्ये आहे, पण झाला हे दाखवायला नोंद पाहिजे. जुन्या १,४०० गिऱ्हाइकांना नव्या अटी आपोआप लागू होत नाहीत, त्यांना पुढच्या फॉर्मच्या वेळी विचारलं. एसएमएस पाठवायचे तर टेलिकॉमच्या डीएलटी पोर्टलवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंद तिथे होते) आधी नोंदणी, मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं छोटं नाव, मग प्रत्येक मेसेजचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. आमचा साचा तीनदा परत आला. त्यात जे तीन आठवडे गेले त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

तक्रार निवारण अधिकारी म्हणून माझंच नाव, ईमेल आणि फोन साइटवर आहे. २०२१च्या मध्यस्थ नियमांत तेव्हा चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल होता, ई-कॉमर्स नियमांत अठ्ठेचाळीस तास आणि एक महिना. बाई म्हणाल्या, कमी मुदत असेल ती धरा. (ह्या मुदती बदलत असतात, आजचा मजकूर बघून घ्या.) पहिली तक्रार आली तेव्हा मी संगमनेरला एका लग्नात, पंगतीत वाढत होते. मठ्ठ्याचं भांडं बाजूला ठेवून पोच पाठवली.

सीएकडेही एक चक्कर मारा. आमचा धंदा माझ्या एकटीच्या नावावर होता, म्हणजे दावा झाला तर घरापर्यंत येऊ शकला असता. फेब्रुवारी २०२४मध्ये भावासोबत एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली. एक नाव नामंजूर झालं, दुसरं मिळालं. डिजिटल सह्या, फॉर्म, सीएची फी धरून साडेअकरा हजार गेले. एलएलपीचा करारनामा नोंदणीनंतर तीस दिवसांत फॉर्म ३ने भरायचा असतो आणि दरवर्षी फॉर्म ११ व ८, मे आणि ऑक्टोबरच्या ३० तारखेपर्यंत. धंदा झाला नाही तरी भरायचे. आणि स्वतःच्या चुकीपासून एलएलपी वाचवत नाही. जीएसटीचाही मुद्दा निघाला: प्लंबिंग-सुतारकामासारखी घरसेवा प्लॅटफॉर्ममधून विकली गेली आणि करणाऱ्यावर स्वतः नोंदणीचं बंधन नसेल, तर जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली कर प्लॅटफॉर्मवर येतो. आमच्याकडे पैसे येत नाहीत, भाव आम्ही ठरवत नाही, म्हणून सीएंनी आम्हाला ते लागू नाही असं मत दिलं. ते मी लेखी मागून घेतलं.

नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज वर्ग ३५मध्ये (जाहिरात आणि व्यवसायाच्या सेवांचा गट) टाकला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, जी फुकट होते, असली की ९,०००ऐवजी ४,५०० रुपये फी. आमचं नाव सेवेचंच वर्णन करतं असा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९चा आक्षेप आला, महिन्याच्या आत उत्तर दिलं. वर्ष होत आलं, ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर अजून ‘ऑब्जेक्टेड’च दिसतं. तोवर नावापुढे टीएम लावता येतं, गोलातला आर लावायचा नाही, नोंदणीआधी तो लावणं गुन्हा आहे.

नोटिशीचं उत्तर, समझोता, कागद, एलएलपी, ट्रेडमार्क मिळून आमचे साठ हजारांच्या वर गेले. वर्षाची कमाई त्याच्या तिप्पटही नाही.

गेल्या जानेवारीत कॉलेज रोडवरच्या एका आजींचा फोन आला. नळ गळतोय, स्क्रीनवर तीन नावं दिसतायत, कुठलं दाबू? मी म्हटलं, ‘आजी, तुम्हीच निवडा.’

‘पण माणूस खात्रीचा आहे ना गं?’

जीभ सवयीने ‘हो’कडे वळली होती. आवरली. ‘आधार पाहिलंय, दोन घरी विचारलंय. काम कसं करतो ते मी पाहिलेलं नाही. तो आला की आधी जुन्या नळाचा फोटो काढायला सांगा.’

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग तुझा उपयोग काय?’ आणि तिन्ही नंबर लिहून घेतले.